गोळी अर्धी करावी का, आणि करायचीच असेल तर कशी?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘अर्धी गोळी’ लिहून दिली की घरोघरी सुरी, अडकित्ता किंवा सरळ दात कामाला लागतात. गोळी नीट कापता यायला हवी हे खरेच. पण त्याआधी ती कापण्याजोगी आहे की नाही हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्याचा उलगडा बहुतेक वेळा स्ट्रिपवरच्या बारीक अक्षरांतून होतो.

म्हणून आधी स्ट्रिप उजेडात धरून औषधाचे पूर्ण नाव वाचावे. ब्रँडच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर, एमआर किंवा रिटार्ड असे काही असेल, अथवा खाली ‘सस्टेन्ड रिलीज’ किंवा ‘प्रोलाँग्ड रिलीज’ छापलेले असेल, तर ती गोळी औषध कित्येक तास हळूहळू सोडण्यासाठी घडवलेली असते आणि ती मोडल्यास बराचसा डोस एकदम रक्तात उतरू शकतो. मधुमेहासाठी सर्रास दिली जाणारी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआर यांची एकत्रित गोळी याच प्रकारची आहे. ती आकाराने मोठी असते, घशाखाली उतरत नाही आणि म्हणून वयस्कर मंडळी ती मोडून घेतात. अशा वेळी मोडण्याऐवजी ही अडचण डॉक्टरांना सांगावी, कारण त्याच औषधांचे गिळायला सोपे पर्याय ते देऊ शकतात. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटसारखे अपवाद आहेत, मधोमध खाच (कापण्यासाठी पाडलेली रेघ) असलेल्या अशा काही गोळ्या अर्ध्या करता येतात (चुरडता मात्र येत नाहीत), परंतु अपवाद कोणता हे आपण न ठरवता फार्मासिस्टला विचारावे.

‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ किंवा ‘एन्टरिक कोटेड’ असे लिहिलेली गोळीही अखंडच घ्यावी. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलवरचे आवरण औषधाला जठरातील आम्लापासून वाचवते, तर ॲस्पिरिनवरचे आवरण जठराला औषधापासून. मेथोट्रेक्सेटसारख्या (संधिवात, कर्करोग यांवरच्या) औषधाचा भुगा हाताळणाऱ्यालाही अपायकारक ठरू शकतो, तेव्हा ती गोळी घरी मुळीच कापू नये. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे), डिगॉक्सिन (हृदयाचे), फेनिटॉइन (फिट्सचे) यांच्या मात्रेत थोडा फरकही जड जातो, त्यामुळे तेथे अंदाजाने अर्धे करणे टाळावे.

अनेकदा कापण्याची गरजच नसते. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅममध्ये मिळते आणि थायरॉईडची लिव्होथायरॉक्सिन १२.५ मायक्रोग्रॅमपासून पुढे अनेक मात्रांत मिळते. पैसे वाचवण्यासाठी मोठी गोळी आणून अर्धी करण्याचा विचार असेल, तर आधी जनऔषधी केंद्रात लहान मात्रेची किंमत विचारून पाहावी.

कापायचेच ठरले, तर मेडिकलमधून पिल कटर (आत पाते असलेली, गोळी कापायची छोटी डबी) आणावा. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, गोळीवरची खाच बरोबर पात्याखाली येईल अशी ती बसवावी आणि झाकण एकाच दाबात बंद करावे. खाच नसलेली गोळी फार्मासिस्टला विचारल्याशिवाय कापू नये. तुकडे उघडच लहानमोठे झाले किंवा गोळीचा भुगा झाला, तर ते घेऊ नयेत. पाते दरवेळी पुसून घ्यावे, कारण आधीच्या औषधाची पूड पुढच्या गोळीला लागते. दृष्टी अधू असेल किंवा हात थरथरत असतील, तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे.

एका वेळी एकच गोळी कापावी आणि उरलेला अर्धा भाग लगेच पुढच्या डोसला संपवावा. त्यामुळे तुकड्यांतली थोडीफार तफावत दोन डोसांत भरून निघते. महिनाभराच्या गोळ्या एकदम कापून डबीत भरणे हा सोयीचा वाटणारा, पण चुकीचा मार्ग आहे. कापलेल्या कडेला हवेतला ओलावा लागतो, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तो भरपूर असतो. रक्तदाबाची टेल्मिसार्टन तर ओलावा पटकन शोषते, म्हणून ती स्ट्रिपमधून घेण्याच्या वेळीच काढावी लागते. उरलेला अर्धा भाग औषधाचे नाव लिहिलेल्या कोरड्या डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. वेगवेगळ्या औषधांचे पांढरे अर्धे तुकडे एकत्र ठेवल्यास ते ओळखता येत नाहीत. गोळ्या काढताना स्ट्रिपची मुदत छापलेली बाजू शेवटपर्यंत राखावी.

दुकानदाराने पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर औषध तेच असले तरी स्ट्रिप पुन्हा वाचावी, कारण खाच, आवरण आणि मात्रा यांपैकी काहीही बदललेले असू शकते.