गावाकडच्या लग्नाला पहिल्यांदा जाताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल-राधानगरीकडच्या गावातल्या लग्नाचं आमंत्रण आलं, तर नुसतं अक्षतांपुरतं जाऊ नका, आदल्या दिवशी हळदीला पोचा. घरची माणसं खरी तिथंच भेटतात. देवक, म्हणजे लग्नासाठी पुजलेलं कुळाचं चिन्ह, बसवलंय तिथं चप्पल घालून जाऊ नका, फोटोही विचारूनच काढा. मंगलाष्टका सुरू झाल्या की हातात अक्षता येतील. प्रत्येक कडव्याअखेर ‘सावधान’ ऐकू आलं की थोड्या थोड्या, हलक्या हातानं टाका. पहिल्यालाच मूठ रिकामी करू नका. फेटा बांधायला बोलावलं तर जरूर बांधून घ्या, तो मान असतो. पंगतीत नको ते वाढण्याआधीच हात आडवा धरा. ताटात टाकलेलं घरच्यांच्या जिवाला लागतं. शेजारचे जेवत असताना उठू नका. आहेराच्या पाकिटावर नाव घाला, वहीत नोंद होते.