रहदारीतली सायकल: काय बिघडतं, कुठे बिघडतं आणि आधी काय बघायचं

रोज कामावर सायकलने जाणाऱ्याला वेगापेक्षा सरळ रेषेची गरज जास्त असते. मागून येणाऱ्या चालकाला पुढच्या दोन सेकंदांत ही सायकल कुठे असेल याचा अंदाज आला, की तो आपोआप जागा ठेवतो. ही रेषा मोडते ती कधी चालवणाऱ्याच्या सवयीने, तर कधी यंत्राच्या दोषाने: चेन घसरते, ब्रेक कच्चा लागतो, पुढच्या चाकात हवा कमी असते. म्हणून इथे देखभाल आणि रस्त्यावरचं वागणं एकत्रच घेतलं आहे.

सिग्नल सुटताना

थांबलेली सायकल पुढे काढताना पॅडलवर सगळं वजन येतं. झिजलेली चेन नेमकी तेव्हाच दातावरून उडी मारते, पाय एकदम खाली जातो आणि सायकल शेजारच्या गाडीकडे झुकते. चेन लांब होते ती लोखंड ताणून नव्हे. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक येते आणि ती सगळी मिळून लांबी वाढते.

हे मोजायला स्टीलची पट्टी पुरते. लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं. चेन ताणलेली राहील असं पॅडल दाबून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि तिथून पुढची चोविसावी पीन कुठे येते ते बघा. नवी चेन ३०४.८ मिमी भरते. मागे १० पर्यंत गिअर असतील तर ३०७ मिमीला चेन बदलावी. ११ किंवा १२ गिअरची चेन ३०६.३ मिमीलाच बदलावी. बिनगिअरची सायकल ३०८ पर्यंत चालते. यापुढे ताणलंत तर मागचे दातेही त्या लांब चेनच्या मापाने झिजतात. मग नवी चेन टाकूनही ती घसरते आणि कॅसेटचाही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचाही, खर्च येतो. नव्या चेननंतर सगळ्यात जास्त वापराच्या एक-दोन चक्रांवरच घसरण होत असेल, तर कारण हेच समजा.

ऑइल घालताना आधी जुनं ऑइल आणि मळ कोरड्या फडक्याने पुसून काढा. मग चेनच्या खालच्या फेरीत, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा. पॅडल उलटं वीस-तीस वेळा फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि बाहेरून दिसणारं ऑइल पूर्ण पुसून टाका. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. बाहेर राहिलेलं ऑइल वंगणाचं काम करत नाही, फक्त धूळ धरतं आणि तिची काळी पेस्ट होऊन चेनलाच घासते. गंज सोडवायचा पातळ स्प्रे म्हणजे चेनचं ऑइल नव्हे. तो आतलं वंगण धुऊन नेतो आणि दोन दिवसांत चेन पुन्हा चिरचिरते.

आणखी एक: मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर हलवणारे गिअर पॅडल फिरत असतानाच बदलतात. सिग्नल दिसला की थांबण्याआधीच दोन-तीन गिअर हलके करून घ्या. जड गिअरवर उभं राहून काढलेली सायकल पहिले तीन-चार मीटर डुगडुगते, आणि गाड्या सगळ्यात जवळून जातात त्या तिथेच.

ब्रेक

ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. धोका दिसून बोटं दाबली जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढं अंतर ब्रेक न लागताच संपतं. त्यापुढे कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. एकूण नऊ-दहा मीटर. वेग २५ झाला की हाच आकडा १३ मीटरच्या आसपास जातो. गर्दीत दोन बोटं कायम लिव्हरवर ठेवावीत ती यासाठी. वाचतो तो भाग पहिल्या सेकंदातला आहे.

थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर सरकतं आणि मागचं हलकं होतं. नुसता मागचा दाबणाऱ्याचं चाक लॉक होऊन घसरतं आणि अंतर जवळपास दुप्पट लागतं. पुढच्या ब्रेकने उलटून पडण्याची भीती खरी आहे, पण ती झटक्याने दाबण्याची. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत नेत दाबा, कंबर थोडी मागे घ्या आणि हात कोपरात ताठ धरून शरीर पुढे जाऊ देऊ नका. मागचं चाक हलकं वाटलं की पुढचा दाब किंचित सोडा. उसनी सायकल घेतलीत तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते निघण्याआधी बघा. सगळीकडे एकच पद्धत नसते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. लिव्हर जोरात दाबल्यावर तो आणि हँडल यांच्यात किमान दोन बोटं जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर केबल जिथे शिरते तिथला गोल स्क्रू बाहेरच्या दिशेने फिरवा, केबल ताणली जाते. तो संपत आला असेल तर आत घालून टाका आणि ब्रेकजवळचा बोल्ट सैल करून केबलच ओढून घ्या. लिव्हरच्या तोंडाशी केबलची एक जरी तार तुटलेली दिसली तर केबल बदला. उरलेल्या तारा एकेक करून नव्हे, जोराने दाबाल तेव्हा एकदम तुटतात.

रिम ब्रेकचा, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्याला दाबणाऱ्या ब्रेकचा, पॅड पूर्णपणे रिमवरच बसला पाहिजे. वर सरकला तर टायरची बाजू कापतो, खाली सरकला तर झिजत झिजत रिमखाली घसरून चाकाच्या तारांत शिरू शकतो. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की पॅड संपला. ब्रेक किंचाळत असेल तर पॅडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिमी आधी टेकेल असं बसवा: मागच्या टोकाखाली जाडसर कागदाची घडी धरून बोल्ट आवळला की जमतं. पावसानंतर खरखर आली तर पॅडमध्ये रुतलेले रिमचे चकचकीत कण टाचणीने उकरून काढा, नाहीतर ते रिम खातात.

डिस्क ब्रेकचं सगळ्यात मोठं शत्रुत्व तेलाशी. चेनचा स्प्रे उडाला, किंवा ऑइलचं बोट डिस्कला लागलं, तरी ब्रेक ओरडतो आणि धरत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. तेल प्यायलेला पॅड मात्र बहुतेकदा टाकावाच लागतो. घर्षणाचा थर एक मिमीच्या खाली गेला की पॅड बदला. नवे पॅड लगेच गर्दीत नेऊ नका. मोकळ्या जागी २० किमीच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, पंधरा-वीस वेळा ब्रेक लावा. त्याआधी ते पूर्ण ताकदीने धरत नाहीत.

हवा

हातात सगळ्यात स्वस्त सुरक्षा कुठली असेल तर ती गेज असलेला उभा पंप. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच, त्यामुळे आठवड्यातून एकदा भरावी. साधारण ७० किलोच्या माणसाला ३२ मिमी टायरमध्ये ६० ते ६५ पीएसआय, ३८ मिमीमध्ये ४५ ते ५०. मागच्या चाकात पाच जास्त, कारण वजन तिकडे जास्त. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत राहा. अंगठ्याने दाबून कळतं हा गैरसमज आहे, ४० आणि ६० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. फार कडक टायर खड्ड्यावरून उसळतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. मऊ टायर वळताना लोळतो.

पंक्चर झालं तर आधी रस्त्यावरून पूर्ण बाजूला व्हा. तिथे ट्यूब बदला, पॅच घरी लावा. ट्यूब काढताना टायरवरचं नाव व्हॉल्व्हपाशी येतं की नाही ते लक्षात ठेवा, म्हणजे भोकाची जागा टायरवर लगेच सापडते. समांतर दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. बाहेरच्या बाजूला एकच भोक म्हणजे काच किंवा काटा. तो टायरमध्येच रुतलेला असतो, फडकं आतून फिरवून शोधा, नाहीतर नवी ट्यूबही जाईल. रिमच्या बाजूला भोक म्हणजे रिमवरची पट्टी सरकून तारेचं टोक टोचलं. पॅच लावताना ट्यूब घासून खरखरीत करा, सोल्यूशन पातळ पसरवा आणि चार-पाच मिनिटं, बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत, थांबा. ओल्यावर चिकटवलेला पॅच सुटतो.

रस्त्यावरची जागा

कडेला चिकटून चालणं सुरक्षित वाटतं, पण काचा, जाळ्या आणि तुटलेलं डांबर तिथेच जमतं आणि चुकवायला जागा उरत नाही. कडेपासून ७५ सेंमी ते १ मीटर आत चाला. उभ्या गाड्यांपासून १ ते १.५ मीटर, दार पूर्ण उघडेल एवढं. दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका; पुन्हा बाहेर येताना मागच्याला तुम्ही नव्यानेच उगवल्यासारखे दिसता. रस्ता इतका अरुंद असेल की गाडी सुरक्षित अंतर ठेवून पुढे जाऊच शकत नाही, तर तेवढ्यापुरतं लेनच्या मध्यावर या आणि रुंदी मिळताच बाजूला व्हा.

मागे वळून बघणं रिकाम्या मैदानावर शिकून घ्या. मान वळली की खांदा वळतो आणि हँडलही त्याच बाजूला जातं. हात सैल सोडले आणि नजर एका सेकंदात परत आणली की रेषा टिकते. क्रम असा: बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, हात ब्रेकवर परत आणा, मग वळा.

ट्रक आणि बस वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, त्यामुळे वळणाच्या आतल्या बाजूला सुरुवातीला दिसलेली जागा बंद होत जाते. चौकात त्या जागेत कधीही शिरू नका, गाडी थांबलेली असली तरी. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात. त्यांच्यावरून जाताना ब्रेक आणि वळण दोन्ही टाळा. रुळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. रिम ब्रेक भिजले असतील तर आधी हलके दाबून पाणी पुसून काढा, मगच जोर लावा.

अंधारात

पुढे पांढरा, मागे लाल दिवा. उजेडाच्या रस्त्यावर दिसण्यापुरते १०० ल्युमेन पुरतात. दिवे नसलेल्या रस्त्याला ३०० ते ४०० लागतात. प्रकाश आठ-दहा मीटरवर जमिनीला टेकेल असा कोन ठेवा, समोरच्याच्या डोळ्यात मारू नका. फ्लुरोसंट जॅकेट दिवसा उठून दिसतं, कारण ते अतिनील प्रकाशावर चमकतं; रात्री त्याचा उपयोग संपतो. रात्री लागतात रिफ्लेक्टर, आणि तेही घोट्यांवर किंवा पॅडलवर: वर-खाली हलणारे दोन ठिपके दिसले की ही सायकल आहे हे चालकाला दुरूनच कळतं. कॅरिअरवर पिशवी बांधल्यावर मागचा दिवा झाकला जातो का, तेही निघताना एकदा मागे उभं राहून बघा.