वेबपानाची रुंदी: बांधून टाकावी की मोकळी सोडावी?

वेबपान आखताना पहिला निर्णय रुंदीचा घ्यावा लागतो. मांडणी ठरावीक पिक्सेलांत बांधली, तर प्रत्येक गोष्ट कुठे बसणार हे आपल्या हाती राहते. ती लवचीक ठेवली, तर पान वाचकाच्या पडद्याप्रमाणे अरुंद किंवा रुंद होते. 1024 पिक्सेल रुंदीचे पडदे सर्वत्र होते त्या काळात 960 पिक्सेलांची चौकट लोकप्रिय झाली, कारण ती त्या पडद्यावर मावत असे आणि 960 या संख्येला 2, 3, 4, 5, 6, 8, 10, 12 अशा अनेक संख्यांनी निःशेष भाग जात असल्याने स्तंभ पाडणे सोपे होते. आज मात्र मुंबईतला वाचक तेच पान सकाळी लोकलमध्ये उभ्याने फोनवर आणि दुपारी कार्यालयातल्या रुंद मॉनिटरवर उघडतो. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: रुंदी लवचीक ठेवावी, पण तिला वरची मर्यादा घालावी.

समजा, गिरगावात दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एका कुटुंबासाठी पान तयार करायचे आहे. सर्वप्रथम पानाच्या एचटीएमएलमधील (पानाची रचना लिहिण्याची भाषा) हेड या सुरुवातीच्या भागात व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पान दिसते त्या क्षेत्राचा, मेटा टॅग घालावा आणि त्यात रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी ठरवावी. हा टॅग नसेल, तर फोनवरचा ब्राउझर पान मोठ्या पडद्यासाठीच आहे असे गृहीत धरतो (आयफोनवरील सफारी 980 पिक्सेल धरतो) आणि सगळे आकसून दाखवतो. मग चकलीचा दर वाचायलाही बोटांनी पान मोठे करावे लागते. याच टॅगमध्ये झूम बंद करण्याची सोय असते. ती कधीही वापरू नये.

आता मुख्य चौकट. सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणारी भाषा) तिला ठरावीक विड्थ (रुंदी) न देता मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) द्यावी, डावी-उजवी मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) ऑटो ठेवावी आणि बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स करावे, म्हणजे पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) रुंदीत धरले जाते आणि चौकट पडद्याबाहेर जात नाही. मर्यादा किती असावी, हा प्रश्न मराठीसाठी थोडा वेगळा आहे. एका ओळीत 45 ते 75 अक्षरे असावीत हा प्रचलित संकेत रोमन लिपीवरून आलेला आहे. जोडाक्षरे आणि मात्रा असलेल्या देवनागरीत तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. सीएसएसमधील सीएच हे एकक तर शून्याच्या अंकाच्या रुंदीवर अवलंबून असल्याने देवनागरीसाठी फारसे भरवशाचे नाही. म्हणून ओळीत साधारण दहा-बारा शब्द बसतील अशी मर्यादा रेम या, पानाच्या मूळ अक्षर-आकारावर आधारलेल्या, एककात द्यावी. 34 ते 38 रेमपासून सुरुवात करून फॉन्टप्रमाणे ती बदलावी. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षर-आकाराच्या 1.6 ते 1.8 पट ठेवावी.

लाडू, करंज्या, अनारसे यांची छायाचित्रे ग्रिडमध्ये (आडव्या-उभ्या चौकटींच्या जाळीत) मांडावीत. स्तंभांची संख्या आपण न ठरवता ऑटो-फिट आणि मिनमॅक्स या सीएसएसमधील सोयी वापरून प्रत्येक चौकटीची किमान रुंदी द्यावी. किती स्तंभ मावतात ते ब्राउझर ठरवतो. छायाचित्रांना मॅक्स-विड्थ 100 टक्के आणि हाइट ऑटो द्यावी, शिवाय एचटीएमएलमध्ये त्यांची मूळ रुंदी-उंची लिहावी, म्हणजे छायाचित्र येईपर्यंत जागा राखली जाते आणि मजकूर खाली उडी मारत नाही.

दरपत्रक हे खरे अवघड प्रकरण आहे. पदार्थ, वजन, दर आणि घरपोच शुल्क असे चार स्तंभ अरुंद पडद्यावर दाबले, तर शब्द एकाखाली एक कोसळतात. अशा तक्त्याला किमान रुंदी द्यावी आणि त्याभोवती ओव्हरफ्लो-एक्स ऑटो (न मावलेला भाग आडवा सरकू देणारी सूचना) असलेली चौकट घालावी, म्हणजे फक्त तक्ता आडवा सरकतो, संपूर्ण पान नाही.

मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीलाच लागू होणारे सीएसएसचे नियम) शेवटी लिहाव्यात. द्रव ग्रिड, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी यांची सांगड वेब डिझायनर इथन मार्कोट यांनी 2010 मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन या नावाने मांडली; त्यानंतर फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या सीएसएसच्या मांडणी-पद्धती आल्याने क्वेरींची गरज बरीच कमी झाली आहे. जी रुंदी ओलांडताना मांडणी खरोखर बिघडते, तिथेच क्वेरी लावावी. अमुक कंपनीच्या फोनची रुंदी पाहून लावू नये.

ठरावीक रुंदी पूर्णपणे टाकाऊ नाही. छापायची पावती किंवा दुकानातल्या एकाच पडद्यासाठी केलेला दरफलक यांना तीच योग्य ठरते.

तपासणीसाठी ब्राउझरची खिडकी 1280 पिक्सेल रुंद ठेवून झूम 400 टक्के करावा. त्यातून 320 पिक्सेलांचा पडदा मिळतो, आणि 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या सुगम्यता निकषांनुसार तेवढ्या रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता यायला हवा. तक्त्यांना त्यातून सूट आहे. तरीही पान आडवे सरकत असेल, तर सर्व घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन (बाह्यरेषा) द्यावी. बॉर्डर (कडेची रेषा) जागा व्यापते, तशी ती व्यापत नाही, त्यामुळे मांडणी न हलता नेमका कोणता घटक बाहेर डोकावतो आहे ते लगेच दिसते.