कुत्र्या-मांजरांचे फोटो काढायचा धंदा: सुरुवात आणि दर

सुरुवात ओळखीच्या घरांपासून करा. चार-पाच कुत्री आणि निदान दोन मांजरं यांचे फोटो फुकट काढून द्या, बदल्यात ते इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी घ्या. मांजर मुद्दाम म्हणतोय. कुत्रा खाऊ दिसला की बसतो. मांजर पलंगाखाली शिरतं आणि तासभर बाहेर येत नाही. दर ठरवताना तो तासही धरावा लागतो.

फोटो काढताना गुडघे टेका, प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. धावत्या कुत्र्यासाठी शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. फ्लॅश नकोच. काळ्या लॅब्रॅडोरला कॅमेरा राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं उणे करा. पांढऱ्या पॉमेरेनियनला याच्या उलट. चूं-चूं वाजणारं खेळणं दोन-तीनदाच चालतं, ते शेवटी काढा. खाऊ मालकांना विचारूनच द्या. मोकळ्या बागेत पट्टा सोडू नका, तो एडिटिंगमध्ये पुसता येतो.

आता दर. बहुतेक जण दुसऱ्याचा आकडा विचारतात आणि त्यातून पाचशे कमी करतात. त्यापेक्षा वही घेऊन बसा. समजा, कॅमेरा आणि लेन्सला १,५०,००० रुपये लागले आणि ते ३ वर्षं चालतील. म्हणजे महिन्याला साधारण ४,२००. महिन्याला ८ शूट धरली तर एका शूटमागे ५२५. वेळ मोजा: दीड तास शूट, तासभर जाणं-येणं, तीन तास निवड आणि एडिटिंग, अर्धा तास फोनाफोनी. झाले ६ तास. तासाचे ४०० लावले तर २,४००. पेट्रोल, खाऊ मिळून २००. बेरीज ३,१२५. सॉफ्टवेअरचं भाडं आणि रिकामे जाणारे दिवस यात नाहीत, म्हणून ३,५०० सांगा. तेवढ्यात १५ फोटो मिळतील हेही आधीच लिहून द्या, नाहीतर 'अजून दोन द्या ना' संपत नाही. फ्रेम आणि अल्बमचे पैसे वेगळे.

तारीख पक्की करताना निम्मे पैसे घ्या. प्राणी आजारी पडला तर तारीख एकदा विनामूल्य बदलून द्या. थकलेल्या, म्हाताऱ्या कुत्र्यासाठी फोन आला तर मी लगेचची तारीख देतो आणि घासाघीस करत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेच्या व्यवसायाला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

दिवाळीचे फोटो मात्र दसरा झाला की लगेच उरका. फटाके सुरू झाल्यावर सोफ्यामागे दडलेला कुत्रा आकाशकंदिलाजवळ येत नाही.