भौगोलिक माहिती खुली करण्याच्या कार्यशाळा: या चुका टाळा

मुक्तस्रोत जीआयएसच्या (संगणकावर नकाशे आणि स्थानमाहिती हाताळणाऱ्या खुल्या प्रणालींच्या) कार्यशाळा आता महाविद्यालयांत, जिल्हा कार्यालयांत आणि पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थांमध्ये नियमित होऊ लागल्या आहेत. नकाशे करण्यासाठी क्यूजीआयएस, माहिती साठवण्यासाठी पोस्टजीआयएस, ती नेटवर्कवरून प्रकाशित करण्यासाठी जिओसर्व्हर आणि वेळ उरलाच तर माहितीचे पोर्टल व सूची यांसाठी जिओनोड किंवा जिओनेटवर्क असा क्रम बहुधा ठरलेला असतो, आणि दोन-तीन दिवसांत या सगळ्यांचे मेनू एकदा दाखवून होतात. तरीही परत गेल्यावर आपला नकाशा दुसऱ्या कोणाला उघडता येईल अशा रीतीने ठेवणे फारच थोड्यांना जमते, कारण प्रशिक्षणाची कसोटीच चुकीच्या जागी लावलेली असते. स्वतःच्या पडद्यावर लेयर (नकाशाचा एक थर) दिसली की सहभागी खूश होतात आणि प्रशिक्षक पुढे सरकतात. खरे तर ती शेजारच्या लॅपटॉपवर उघडेपर्यंत पुढच्या विषयाला हात घालू नये. खालील बहुतेक चुका ही एक अट पाळली तर तिथल्या तिथे उघड्या पडतात.

सकाळ इन्स्टॉलेशनमध्ये जाणे

तीस जणांनी एकाच वेळी वायफायवरून सॉफ्टवेअर उतरवायला घेतले की दुपारच्या जेवणापर्यंत दुसरे काही होत नाही. सर्व फाइली पेनड्राइव्हवर आधीच ठेवाव्यात, किंवा ओएसजिओलाइव्ह वापरावे. लुबुंटूवर आधारलेल्या या संचात क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस, जिओसर्व्हर वगैरे प्रणाली नमुना माहितीसह तयार मिळतात आणि ते पेनड्राइव्हवरून किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालते. मात्र व्हर्च्युअलबॉक्स सुरूच होत नसेल, तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) व्हर्च्युअलायझेशन बंद असण्याची शक्यता मोठी असते. सरकारी कार्यालयांतल्या लॅपटॉपवर ते बदलण्याचा किंवा काही इन्स्टॉल करण्याचा अधिकार सहभागींकडे पुष्कळदा नसतो, म्हणून ही चौकशी आठवडाभर आधी करावी. जिओसर्व्हर सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर तो ज्यावर चालतो त्या जावाची आवृत्ती प्रथम पाहावी. प्रत्येक जिओसर्व्हरला कोणतीही जावा चालत नाही.

लोकलहोस्टची लिंक पाठवणे

जिओसर्व्हर ८०८० या पोर्टवर सुरू होतो, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पत्ता दिसतो आणि सहभागी तोच पत्ता गटावर टाकून मोकळे होतात. तो पत्ता ज्याच्या त्याच्या यंत्राकडेच बोट दाखवतो, त्यामुळे समोरच्याला एक तर काहीच दिसत नाही किंवा स्वतःचाच जिओसर्व्हर दिसतो, आणि हा दुसरा प्रकार अधिक गोंधळाचा ठरतो. त्याऐवजी यंत्राचा स्थानिक आयपी पत्ता द्यावा. तरीही लेयर उघडली नाही, तर विंडोज फायरवॉल ते पोर्ट अडवत आहे का हे तपासावे. महाविद्यालयांच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर जोडलेली यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशी व्यवस्था बऱ्याचदा मुद्दाम केलेली असते. तिथे कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही. इंटरनेट नसलेला एक साधा राउटर सोबत नेला, तर हा प्रश्न उरत नाही.

सर्व्हर प्रॉक्सीमागे (मागण्या घेऊन पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) असेल तर आणखी एक गुंता होतो. क्यूजीआयएस आधी सेवेचे क्षमतापत्र (कोणत्या लेयर कोणत्या पत्त्यावर मिळतात याची यादी) वाचते आणि पुढच्या मागण्या त्यात लिहिलेल्या पत्त्यावर पाठवते. त्या पत्रात आतला पत्ता राहिला असेल, तर लेयरची यादी व्यवस्थित येते पण नकाशा कोराच राहतो. जिओसर्व्हरमध्ये प्रॉक्सी बेस यूआरएल नीट भरली की हे सुटते.

देवनागरी शेवटी पाहू म्हणणे

सरावासाठी परदेशी नमुना माहिती वापरली की सगळे सुरळीत चालते, आणि सहभागी स्वतःच्या तालुक्याची फाइल उघडतात तेव्हा गावांची नावे ओळखू न येणाऱ्या चिन्हांत दिसू लागतात. मराठी माहितीवर काम करणाऱ्यांसाठी हा विषय दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळचा नसून पहिल्या सकाळचा आहे.

पहिले कारण शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती साठवण्याची जुनी फाइलपद्धत. तिच्या स्तंभाच्या नावाला १० बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरसंचात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे स्तंभाच्या नावात तीनच चिन्हे मावतात. काना-मात्राही वेगळे चिन्ह म्हणून मोजले जातात. मजकुराच्या रकान्याची कमाल मर्यादा २५४ बाइट असल्यामुळे मराठी मजकूर ८४ चिन्हांनंतर तुटतो. लांब पत्ते आणि शेरे याच ठिकाणी अर्धवट राहतात. स्तंभांची नावे रोमनमध्ये ठेवणे हा तात्पुरता उपाय झाला. त्यापेक्षा नव्या कामासाठी जिओपॅकेज वापरावे. ती एसक्यूलाइटवर आधारलेली एकच फाइल असते, तिला या मर्यादा नाहीत आणि शेपफाइलसारखे तिचे चार-पाच तुकडे सांभाळावे लागत नाहीत. शेपफाइल पाठवताना डीबीएफ (तक्ता) किंवा पीआरजे (प्रक्षेपण) हा तुकडा मागे विसरणे ही इतकी नेहमीची चूक आहे की तिच्यावर वेगळे लिहिण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण सर्व्हरच्या मांडणीत असते. जिओसर्व्हर शेपफाइलचा मजकूर मूळ मांडणीनुसार आयएसओ-८८५९-१ या युरोपीय अक्षरसंचातला समजून वाचतो आणि नावांच्या जागी चिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे दिसतात. जिओसर्व्हरमधल्या स्टोअरच्या (माहितीच्या स्रोताच्या) पानावर डीबीएफच्या अक्षरसंचाचा पर्याय यूटीएफ-८ केला की नावे सुधारतात. नावांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर दोष अक्षरसंचाचा नसतो; सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसतो. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी सर्व्हरवर टाकावा, स्टाइलमध्ये त्याचे नाव द्यावे आणि जिओसर्व्हर पुन्हा सुरू करावा. हे दोन दोष सहभागींना शेजारी शेजारी दाखवावेत, कारण दिसण्यातला हा फरक ओळखता आला की निम्मे निदान तिथेच होते.

तिसरे कारण सर्वांत चिवट आहे. गावांच्या सीमांना जनगणनेचा तक्ता गावाच्या नावावरून जोडायला घेतला की काही गावे रिकामी राहतात. एका तक्त्यात ‘गाव’ असते आणि दुसऱ्यात ‘गांव’. हा फरक किमान डोळ्यांना तरी दिसतो. पण ‘ऱ्ह’सारखे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येते, एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने आणि एकदा साध्या ‘र’ला अदृश्य जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी असतात, म्हणून ‘गोऱ्हे’ ‘गोऱ्हे’ला जुळत नाही. शिवाय एकाच जिल्ह्यात वडगाव नावाची अनेक गावे असू शकतात. जोडणी नेहमी जनगणनेच्या किंवा स्थानिक शासन निर्देशिकेच्या सांकेतांकावरून करावी आणि नाव केवळ दाखवण्यासाठी ठेवावे. तक्ता जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल, तर त्याचे रूपांतर कार्यशाळेपूर्वीच उरकावे. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यूटीएफ-८ चा पर्याय निवडावा.

प्रक्षेपण बदलण्याऐवजी नुसते नाव बदलणे

अंशांत असलेल्या लेयरला क्यूजीआयएसमध्ये ‘सेट सीआरएस’ (निर्देशक पद्धत ठरवणे) वापरून ३२६४३ हा ईपीएसजी क्रमांक, म्हणजे मीटरमधल्या यूटीएम ४३ व्या विभागाचा संकेतांक, दिला की माहिती बदलत नाही, तिच्यावरची पाटी तेवढी बदलते. पुण्याचे ७३.८६ आणि १८.५२ हे अंश मग मीटर समजले जातात आणि शहर मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तालगत समुद्रात जाऊन पडते. इथे रीप्रोजेक्ट करून नवी लेयर काढणे आवश्यक असते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर तेच पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसते. सीएसव्हीचे स्तंभ उलटे निवडल्याने हे होतेच, पण डब्ल्यूएमएसच्या (नकाशाचे चित्र देणाऱ्या सेवेच्या) १.३.० या आवृत्तीत ४३२६ या अंशांतल्या पद्धतीच्या क्रमांकासाठी अक्षांश आधी लिहावा लागतो आणि १.१.१ मध्ये रेखांश, हेही हाताने मागणी लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. लेयर कुठे जाऊन पडली हे पाहून चूक कोणती ते सांगता येते, आणि सहभागींकडून ही चूक मुद्दाम करून घेणे हा माझ्या मते या विषयावरचा उत्तम सराव आहे.

महाराष्ट्र ७८ अंश पूर्व रेखांशाने दोन यूटीएम विभागांत (मीटरमध्ये मोजण्यासाठी पाडलेल्या पृथ्वीच्या उभ्या पट्ट्यांत) विभागला जातो. पुणे, नाशिक, कोल्हापूर ४३ व्या विभागात येतात. नागपूर, गोंदिया, गडचिरोली ४४ व्या विभागात. यवतमाळ जिल्ह्याच्या तर मधूनच ही रेषा जाते. पुण्यात तयार केलेल्या टिपणातला ३२६४३ हा क्रमांक विदर्भातल्या कार्यशाळेत तसाच वापरला, तर मोजमापे चुकू लागतात.

लेयर आहे, पण दिसत नाही

प्रकाशन करताना सीमाचौकट (लेयर कुठून कुठपर्यंत पसरली आहे ते) माहितीवरून मोजून घ्यायची राहिली, तर लेयर यादीत असते आणि नकाशा कोरा असतो. स्टाइल बदलूनही जुनाच रंग दिसत असेल, तर जिओवेबकॅश या जिओसर्व्हरच्या साठवणीतल्या जुन्या टाइल्स (नकाशाचे चित्र-तुकडे) पुसाव्यात. स्वतः लिहिलेल्या वेब पानावर डब्ल्यूएमएस दिसतो पण डब्ल्यूएफएस (मूळ भूमिती आणि तक्ता देणारी सेवा) येत नाही, तेव्हा ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कॉर्सची (दुसऱ्या पत्त्यावरून माहिती घेण्यावरच्या ब्राउझरच्या बंधनाची) तक्रार बहुधा आढळते.

चित्र देऊन माहिती दिली असे समजणे

डब्ल्यूएमएस नकाशाचे चित्र पाठवतो. विश्लेषणासाठी मूळ भूमिती आणि तक्ता हवा असेल तर डब्ल्यूएफएस सुरू असावा किंवा फाइल उतरवण्याची सोय असावी. त्यासोबत परवाना लिहिला नसेल, तर घेणाऱ्याला ती माहिती वापरता येते की नाही हेच कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेल्या माहितीला तिच्या परवान्याच्या अटी लागू होतात आणि श्रेय देणे बंधनकारक असते. मेटाडेटाचे (माहितीविषयीच्या माहितीचे) सत्र वेळेअभावी गाळले जाते ते बरोबर नाही. स्रोत, तारीख, प्रक्षेपण, परवाना आणि विचारणा कोणाकडे करायची एवढे पाच रकाने भरायला अर्धा तास पुरतो.

सर्व्हर तसाच चालू ठेवून निघून जाणे

सरावासाठी इंटरनेटवर उभारलेल्या जिओसर्व्हरचा मूळ पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो, कारण तो माहितीपुस्तिकेतच छापलेला आहे. जुनी आवृत्ती ठेवणे तर त्याहून धोक्याचे: २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२४-३६४०१ या त्रुटीमुळे पासवर्डशिवायही सर्व्हरवर परक्याला स्वतःचा कोड चालवता येत होता. ती २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त झाली, पण वर्षानुवर्षे तोच पेनड्राइव्ह फिरवणाऱ्यांकडे जुनी प्रत असण्याचा संभव असतो. शेवटच्या सत्रात पासवर्ड बदलणे, आवृत्ती तपासणे आणि नको असलेला सर्व्हर बंद करणे हे सहभागींकडूनच करून घ्यावे. माहिती पुढेही खुली ठेवायची असेल, तर तो सर्व्हर कोण सांभाळणार त्याचे नाव मेटाडेटाच्या विचारणेच्या रकान्यात लिहून मगच खोली सोडावी.