नोव्हेंबरातला सर्व्हे, जुलैतली चूल

या क्षेत्रातला माझा पहिला अहवाल साफ चुकला होता. बेरजा बरोबर होत्या, एकही आकडा बनवलेला नव्हता, तरीही चुकला होता. अन्नसुरक्षा, पोषण, दुष्काळ निवारण अशा कामात येऊ पाहणारी मुलं-मुली विचारतात की सुरुवात कुठून करू, कोणता कोर्स करू. कोर्सचं पुढे सांगते. आधी हा अहवाल.

परभणीला कृषीची पदवी, दोन वर्षं बँकेच्या परीक्षा, आणि मग मेळघाटात एका संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर नोकरी. माझ्याकडे धारणी तालुक्यातली नऊ गावं होती. प्रत्येक गावातल्या वीस घरांत जायचं, कालपासून काय खाल्लं ते विचारायचं, धान्य किती आहे ते बघायचं आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा दंडघेर मोजायचा. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मका घरात आलेला, सोयाबीन विकून हातात चार पैसे आलेले, कणग्या भरलेल्या. एका घरात तर मला आग्रहाने गरम मक्याची भाकर आणि चटणी खायला बसवलं. बहुतेक मुलांच्या दंडावर पट्टी हिरवी, म्हणजे धोक्याबाहेरची, येत होती. मी लिहिलं, ‘अन्नस्थिती समाधानकारक’. त्या शब्दांच्या भरवशावर पुढच्या पावसाळ्यासाठी राखलेला पूरक आहार पाच गावांमधून काढून दुसरीकडे वळवला गेला. वळवणाऱ्यांना दोष देता येत नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

जुलैच्या शेवटी मी त्याच घरात परत गेले. सिपना नदीला पूर होता, शेवटचे चार किलोमीटर चिखलातून चालत जावं लागलं. चुलीवर पातेलं होतं. त्यात मूठभर मक्याच्या कण्या आणि पाणी. बाईने ढवळलं, पोरांकडे पाहिलं आणि आणखी अर्धा तांब्या पाणी ओतलं. मी विचारलं, तुझं जेवण? ती म्हणाली, “हो गया, मॅडम.” तिच्यासाठी ताट घेतलेलंच नव्हतं आणि पातेल्यातही तिच्यापुरतं काही उरणार नव्हतं. नोव्हेंबरात तिच्या धाकट्याचा दंडघेर १२.८ सेंटीमीटर होता. आता ११.३ आला. ११.५ च्या खाली पट्टी लाल असते, म्हणजे तीव्र कुपोषण. मी तीनदा मोजलं. आपलंच चुकलं असेल, असं मला मनापासून वाटत होतं.

मुलाला तालुक्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात नेलं. आई आधी तयार नव्हती, कारण चौदा दिवस केंद्रात राहायचं म्हणजे निंदणीची मजुरी बुडवायची, आणि घरात दुसरं मिळकतीचं काही नव्हतं. शेवटी आली. मुलाचं वजन वाढलं. आज तो चौथीत आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना तुमचं मन त्याच्यापाशीच अडकेल.

परतताना अंगणवाडी सेविका माझ्याबरोबर चालत होती. ती म्हणाली, “ताई, तुम्ही दिवाळी झाल्या झाल्या आला होतात. तेव्हा कोणाची कणगी रिकामी असते?” माझ्या पदवीच्या चार वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

तर सापळा हा आहे. नवखा माणूस विचारतो, अन्न किती आहे? विचारायला हवं ते असं की अन्न कोणत्या महिन्यात संपतं, आणि त्याच महिन्यात आणखी काय काय संपतं. मी हे इतकं घोळून सांगणार आहे की तुम्हाला कंटाळा येईल, पण ऐका. मेळघाटात जुलै-ऑगस्टला कणगीचा तळ दिसतो. बाजारात धान्य तेव्हाच महाग असतं. दिवाळीला जे पडत्या भावात विकलं, तेच चढ्या भावाने परत घ्यायचं. पेरणी-निंदणीमुळे शरीर सगळ्यात जास्त झिजतं तेही तेव्हाच. आई दिवसभर शेतात, म्हणून तान्ह्याचं पाजणं चुकतं. पाणी गढूळ झालं की हगवण लागते, आणि हगवण लागलेल्या मुलाला घातलेलं अंगी लागत नाही. रस्ता तुटलेला. उधारीही तेव्हा मिळत नाही, कारण दुकानदाराची वही आधीच भरलेली असते. यातलं एकेकटं संकट घर सोसतं. सगळी मिळून एकाच महिन्यात येतात तेव्हा मूल लाल पट्टीत जातं. नोव्हेंबरात कितीही इमानदारीने मोजा, यातलं काहीच दिसणार नाही.

आता मी कुठल्याही नव्या गावात गेले की प्रश्नावली पिशवीतच ठेवते. अंगणात कोळशाने बारा चौकोन आखते आणि बायकांना खडे देते. जून-जुलै असं बोलायचं नाही. होळी, आखाजी, पोळा, दिवाळी असं बोलायचं. घरात दाणा जितका, तितके खडे. दिवाळीच्या चौकोनात बायका ओंजळ रिकामी करतात, होळीला पाच-सहा खडे राहतात आणि पोळ्याच्या अलीकडच्या चौकोनाशी हात थांबतो. मग त्याखाली दुसरी ओळ मजुरीची, तिसरी आजारपणाची, चौथी उधारीची. तासाभरात गावाचं वर्ष जमिनीवर उतरतं. आणि पुरुषांना बोलवायचं असेल तर नंतर बोलवा. ते खडे वेगळ्याच हिशेबाने मांडतात.

दुसरी गोष्ट, ‘जेवलात का’ हा प्रश्न भूक मोजायला निरुपयोगी आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर ‘हो’ असंच असतं, तो अब्रूचा प्रश्न आहे. जगभर दुष्काळी भागांत एक साधी मोजणी वापरतात. गेल्या सात दिवसांत स्वस्तातलं, नावडतं खाऊन भागवलं का, उसनं आणलं का, घास कमी केले का, वेळा कमी केल्या का, आणि लहानांना पुरावं म्हणून मोठ्यांनी पोट मारलं का. पाच प्रश्न, प्रत्येकाला ठरलेलं वजन, म्हणजे गुण. सगळ्यात जास्त, म्हणजे तीन, हे वजन शेवटच्या प्रश्नाला आहे. तो प्रश्न त्या जुलैत मला माहीत असता, तर ‘हो गया’ ऐकून मी तिच्या ताटाकडे बघत बसले नसते.

हे मेळघाटापुरतं नाही. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक भुकेले होते, हा संयुक्त राष्ट्रांचा आकडा तुम्ही मुलाखतीच्या तयारीत पाठ कराल. करा. पण तो वर्षभराच्या सरासरीतून निघतो, त्यात जुलै कुठेच दिसत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली असा अमर्त्य सेन यांचा अंदाज आहे, आणि त्या वर्षी बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा जास्तच उपलब्ध होतं, हेही त्यांनीच आकड्यांनी दाखवलं. तांदळाचा भाव चढला, शेतमजुराची मजुरी मागे राहिली. बाजारात तांदूळ होता, पण मजुराला तो परवडत नव्हता. सोमालियात २०१० च्या ऑगस्टपासून धोक्याचे इशारे दिले जात होते. दुष्काळाची अधिकृत घोषणा झाली २० जुलै २०११ ला. त्या संकटात सुमारे २ लाख ६० हजार लोक मेले आणि त्यातले जवळजवळ निम्मे घोषणेच्या आधीच. आकडे पक्के होईपर्यंत थांबलं की असं होतं.

जे उपाय टिकले ते महिना ओळखणारे आहेत. माझी आजी अंबड तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर होती, मदतीत आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर खायला मिळणारी सुकडी या दोन गोष्टी ती मरेपर्यंत विसरली नाही. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पाऊस पडायच्या आधी हातात मजुरी आली, म्हणून घरं तगली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी पुढे १९७७ च्या कायद्यात आली. इथिओपियाने २००५ मध्ये सुरू केलेल्या, कामाच्या बदल्यात मदत देणाऱ्या योजनेतही बांधबंदिस्तीची कामं साधारण वर्षाच्या पहिल्या सहामाहीत काढतात, म्हणजे भुकेच्या महिन्यांआधी. आपल्याकडची आदिवासींसाठीची खावटी, म्हणजे धान्याची आणि पैशांची सरकारी मदत, हीसुद्धा त्याच विचाराची होती, पावसाळ्यात काम नसताना चूल पेटावी म्हणून. अशी मदत ऑक्टोबरात पोचली तर कागदावर वाटप शंभर टक्के दिसतं आणि पोळ्याला घर उपाशीच राहिलेलं असतं. कोणत्याही योजनेचा कागद हातात आला की आधी रक्कम बघू नका, तारीख बघा.

धान्य साठवायच्या तीन थरांच्या पिशव्या चांगल्या आहेत. बाहेर पोतं, आत दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, तोंड घट्ट बांधलं की आतला प्राणवायू संपून किडे मरतात. मूळ काम कॅमेरूनमध्ये चवळीसाठी झालं होतं. पण ज्याने सावकाराचं धान्य आधीच खाल्लंय, त्याच्याकडे पिशवीत भरायला उरतं काय? आधी कर्ज विचारा, मग पिशवी द्या.

आता कोर्स. सहा आठवड्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन कोणी अन्नसुरक्षा तज्ज्ञ होत नाही, हे माझं ठाम मत आहे. उपग्रहाचे नकाशे शिका, एक्सेल तर हवंच, पण ज्या गावाचा नकाशा रंगवताय तिथे एक अख्खा पावसाळा काढा. मार्गदर्शक निवडताना त्यांनी किती देश पाहिले ते विचारू नका, ऑगस्टमध्ये कुठे असतात ते विचारा. माझ्या खऱ्या गुरू दोघी. एक ती अंगणवाडी सेविका. दुसरी रेशन दुकानाचा हिशेब ठेवणारी बाई, जी कोणत्या घराने गहू नको म्हणून पैसे मागितले यावरून घरातलं आजारपण ओळखायची.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका, ते दोन वर्षांत येतं. कृषी, गृहविज्ञान, नर्सिंग, संख्याशास्त्र, समाजकार्य, काहीही चालतं. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नाही, कानाने उचलता येईल असं समजू नका. दुभाष्या गावाबाहेरचा घ्याल तर तो उत्तरं गुळगुळीत करून देईल. चुका होतील. माझ्या चुकीचं ओझं मी उतरवलेलं नाही, पण त्या पाच गावांमध्ये पुढच्या मे महिन्यातच साठा पोचला, कारण तो सुधारित अहवालही मीच लिहिला होता आणि त्यात खडे मांडलेल्या चौकोनांचे फोटो जोडले होते. चूक लेखी कबूल केली म्हणून माझी नोकरी गेली नाही. तुमचीही सहसा जाणार नाही. लपवलीत तर मात्र कोणाचं तरी मूल लाल पट्टीत जाईल.

पगार सुरुवातीला कमी असतो, करार अकरा महिन्यांचे असतात, घरचे विचारत राहतात. मच्छरदाणी स्वतःची न्या. दंडघेराची पट्टी डाव्या हाताच्या मध्यावर लावा, हात सैल सोडलेला असू द्या, पट्टी आवळू नका. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. खड्डा राहिला, म्हणजे सूज असली, तर पट्टी हिरवी असली तरी मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि पोळ्याच्या आठवड्यात रजा टाकू नका.