पाळतीच्या राज्यातली प्रेमकथा कशी लिहावी

ओळखीतली तरुण मंडळी अधूनमधून आपली हस्तलिखितं वाचायला पाठवतात. अलीकडे त्यांत एक प्रकार फार दिसतो. भविष्यातलं शहर, सगळ्यांवर नजर ठेवणारं सरकार, अठरा-एकोणीस वर्षांची नायिका आणि तिचं प्रेम नेमकं नको त्या मुलावर. पहिल्याच पानावर ड्रोन घिरट्या घालत असतो. तिसऱ्या पानावर नायिका मान वर करून त्याच्याकडे रागाने बघते. तोवर मला पेंग आलेली असते.

ड्रोनची भीती वाटत नाही, कारण तो आपल्या ओळखीचा नसतो. पोटात गोळा येतो तो सकाळी चहाचा कप पुढे करणाऱ्या माणसाला आपलं काल रात्रीचं बोलणं माहीत आहे असं कळल्यावर. या प्रकारची कादंबरी लिहायची तर सुरुवात त्या कपापासून करावी. कशी, ते माझ्याच एका रखडलेल्या कादंबरीच्या आधाराने सांगतो. तीन वर्षं झाली, अजून संपलेली नाही. पण कुठे कुठे चुकलो हे आता नीट माहीत झालंय.

पायरी १ : पाळत ठेवणारा माणूस आधी शोधा

यंत्रं नंतर. आधी पूर्व जर्मनीबद्दल, म्हणजे १९९० पर्यंत वेगळा देश असलेल्या साम्यवादी जर्मनीबद्दल, थोडं वाचा. तिथलं राज्य-सुरक्षा मंत्रालय, म्हणजे श्टाझी, १९५० मध्ये सुरू झालं. १९८९ मध्ये तिथे सुमारे ९१,००० पगारी माणसं होती. देशाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या घरात, म्हणजे साधारण १८० माणसांमागे एक. त्यांच्याशिवाय पावणेदोन लाखांच्या आसपास बिनपगारी खबरे : शेजारी, सहकारी, मित्र, नवरे, बायका. पत्रं वाफेवर उघडून वाचायची आणि पुन्हा चिकटवायची हे तर रोजचंच. संशयिताला चौकशीला बोलावलं की खुर्चीवर एक फडकं घालून ठेवत. तो गेला की फडकं काचेच्या बरणीत बंद. पुढे कुत्र्यांना वास द्यायला. लोणच्यासारख्या ओळीने मांडलेल्या, माणसांच्या वासाच्या बरण्या डोळ्यांसमोर आणा, मग ड्रोन लिहावासा वाटणार नाही.

जानेवारी १९९२ पासून लोकांना आपापल्या फायली वाचायला मिळू लागल्या. वेरा वोलेनबर्गर ही तिथली विरोधी चळवळीतली कार्यकर्ती, पुढे खासदार झाली. तिच्याबद्दलची माहिती ‘डोनाल्ड’ या टोपणनावाने देणारा खबऱ्या तिचाच नवरा निघाला. प्रेमकथेत दुभंगलेली निष्ठा म्हणजे काय, हे यापेक्षा वेगळं समजावून सांगता येत नाही.

या फायलींतून लेखकाने उचलायचं ते त्यांतलं किरकोळपण. कोण किती वाजता आलं, पडदे कधी ओढले, कचरा कुणी टाकला. खबऱ्याच्या वहीत कट-कारस्थानं क्वचित असतात, बाकी सगळा असला चुरा. तुमच्याही कादंबरीत तोच हवा.

पायरी २ : सरकारला एक खरं कारण द्या

‘सत्तेची हाव’ हे कारण पुरत नाही. लोकांनी पाळतीची नोंदवही स्वीकारली, कारण त्या वहीने आधी त्यांचं काहीतरी भलं केलं होतं.

माझं गाव लातूरच्या आसपासचं, काळ अजून तीसेक वर्षांनंतरचा. बीज २०१६ चं. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती लोकांनी जमू नये म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं; पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर. तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना ‘डिस्टोपिया’, म्हणजे दुःस्वप्नासारखं भविष्य, हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मी एवढंच केलं की तो उन्हाळा संपलाच नाही असं धरलं. गावात ‘वाटप कार्यालय’ आलं. हंडे-घागरींवरून होणारी डोकी फोडाफोडी त्याने खरोखर थांबवली, विहिरीवर दांडगाई करणाऱ्यांना सरळ केलं, विधवेच्या दारातही मोजून तेवढंच पाणी दिलं. मग मोजणी चोख व्हावी म्हणून घरात कोण राहतं याची नोंद आली. मग पाहुण्यांची. मग पाहुणे काय बोलले याची.

इथे एक घरचा अभ्यास करा. आजपासून तुमच्या कथेच्या काळापर्यंत पाच परिपत्रकं लिहा, प्रत्येक तीन ओळींचं, प्रत्येक वाचताना ‘बरोबरच आहे की’ असं वाटणारं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, तो सोय म्हणूनच. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. हे दोन्ही तुमच्या पात्रांच्या आजीला आठवत असणार. मधल्या काळात तो हक्क कुठे गेला, हे त्या पाच परिपत्रकांत दिसलं पाहिजे. परिपत्रकं कादंबरीत छापू नका. ती तुमच्यापुरती.

पायरी ३ : दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लेलं असू द्या

माझी नायिका मुक्ता. वय १८. आई-वडील नाहीत, आत्याने वाढवलं. आत्या वाटप कार्यालयात नोंद-तपासनीस. म्हणून घरात रोज दोन घागरी जास्त. मुक्ताला काम मिळतं : पिठाच्या गिरणीवर बसायचं आणि सिद्धूवर लक्ष ठेवायचं. सिद्धू, म्हणजे सिद्धेश्वर, १९ वर्षांचा. त्याच्या घराचा नळ बापाच्या जुन्या बोलण्यापायी तोडलेला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पहिल्या मसुद्यात मी आत्या अगदी खाष्ट रंगवली होती. डोळे बारीक, ओठ घट्ट, बोलणं टोचरं. माझ्या भाचीने, ती तेव्हा बारावीत होती, चाळीस पानं वाचली आणि विचारलं, “मामा, ही बाई एवढी वाईट आहे तर मुक्ता हिच्याकडे राहते कशाला? नि सिद्धूला सगळं सांगून का टाकत नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. निष्ठा दुभंगायला आधी ती असावी लागते. मी ती लिहिलीच नव्हती.

दुसऱ्यांदा लिहिताना मी आत्याचं एक पान आधी लिहिलं. तापाने फणफणलेल्या चार वर्षांच्या मुक्ताचं अंग पुसायला पाणी नाही, म्हणून आत्याने कार्यालयातली नोकरी धरली. त्या रात्रीचा ओला पंचा मुक्ताला आठवत नाही, पण वाचकाला माहीत असतो. त्यानंतर आत्या कितीही कडक वागली तरी वाचक तिला सोडून देत नाही. तुम्हीही ज्या माणसाशी गद्दारी होणार आहे त्याचं असं एक पान लिहा. ते वाचून तुम्हाला स्वतःला त्याची बाजू घ्यावीशी वाटली नाही, तर पान फाडा आणि पुन्हा लिहा.

पायरी ४ : त्यांना भेटायला जागा शोधून द्या

इथे जरा रमायला हरकत नाही. आपल्याकडच्या प्रेमकथेत जागेची अडचण कायमचीच. घरात माणसं, बाहेर ओळखीची माणसं. पाळतीचं राज्य ती अडचण फक्त वाढवतं. म्हणून गुप्त तळघर वगैरे आणू नका. भर गर्दीतली, पण यंत्राला ऐकू न येणारी जागा शोधा.

मी गिरणी घेतली. पट्टा फिरत असताना तिथे कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत नाही, माइकला तर नाहीच. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या, त्यामुळे कॅमेऱ्याला चेहरे धड ओळखता येत नाहीत. आणि डब्याखालच्या फळीवर पिठाचा पातळ थर असतो. सिद्धू त्यावर बोटाने एक शब्द लिहितो. मुक्ता वाचते, डबा सरकवते, शब्द पुसला जातो. ती उत्तर लिहिते. त्याने डबा उचलून नेल्यावर फळी कोरी. अख्ख्या पहिल्या भागात ते एकमेकांशी मोठ्याने अकरा वाक्यंही बोलत नाहीत, आणि माझ्या वाचकांना हाच भाग सगळ्यांत जास्त आवडला.

गुप्त भाषा परकी आणू नका, घरातच शोधा. शाळेतली ‘च’ची भाषा लहान मुलांना पुरते. मोठ्यांसाठी मोडी आहे. सिद्धूच्या आजोबांकडून त्याला मोडी येते. गिरणीतलं लिखाण मोडीत, म्हणजे चुकून कॅमेऱ्यात दिसलंच तरी नुसती वळणं. पोरांना वाटतं, आता हे वाचणारं कुणी उरलेलं नाही. पण २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी केवढी मागणी आली होती आठवतं? जुनी दप्तरं जिथे आहेत तिथे मोडी वाचणारा माणूस लागतोच. आत्याने नोकरीची सुरुवात दप्तरखान्यातच केली होती. ही गोष्ट मी वाचकाला पन्नासाव्या पानावर, बोलता बोलता सांगून टाकली आहे. पोरांना ती कळते दोनशेव्या पानावर. मधली दीडशे पानं वाचक जीव मुठीत धरून असतो, त्यासाठी मला एकही गोळीबार लिहावा लागला नाही.

पायरी ५ : नोंदवही हीच तुमची प्रेमपत्रं

प्रत्येक प्रकरणानंतर मुक्ताने लिहिलेली नोंद द्या. आधी प्रसंग जसा घडला तसा, मग त्याची नोंद. दोन्हींतला फरक म्हणजे तिचं प्रेम. सरकारी मराठी इथे फार कामाला येते. पंचनाम्याची, जबाबाची ती कोरडी भाषा आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. पहिली नोंद अशी :

“सदर इसम सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांनी गिरणीत आला. सोबत ज्वारी अंदाजे ५ किलो. कोणाशीही बोलणे झाले नाही. ६ वाजून ३५ मिनिटांनी निघून गेला.”

आणि दोन महिन्यांनंतरची :

“सदर इसम ६ वाजून १० मिनिटांनी आला. ज्वारी ५ किलो. पट्टा सरकल्याने गिरणी १० मिनिटे बंद होती. तो हसला व निघून गेला.”

रात्री आत्या लाल पेन घेऊन बसते. शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढते, वही मुक्ताकडे सरकवते आणि एवढंच म्हणते, “मुक्ते, सदर इसम हसत नसतो.”

मुक्ता ते वाक्य खोडून पुन्हा लिहिते. आत्या गॅस बंद करते आणि दुसऱ्या घागरीवर झाकण ठेवते. दोघींपैकी कुणीच पुढे बोलत नाही. आत्याला कळलंय, हे मुक्ताला कळलंय. आणि आत्याने वही वर पाठवताना खाडाखोडीचं पान गाळलं, हे अजून कळलेलं नाही.

असा एखादा शब्द तुमच्या कथेतही शोधा, जो वहीत यायला नको होता. ‘तो’ चालतो. ‘हसला’ तर चालतोच. ‘तिला त्याच्याबद्दल काहीतरी वाटू लागलं’ असली वाक्यं मात्र बेधडक कापा.

पायरी ६ : तंत्रज्ञान

एकच यंत्र ठेवा आणि ते अधूनमधून बंद पडू द्या. लोडशेडिंग भविष्यातही राहील यावर माझी पैज आहे. कॅमेऱ्याचा बॅकअप किती तास चालतो, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. तुमच्या पात्रांनाही असावं. सर्व्हर, अल्गोरिदम यांची पाच-पाच पानं कुणी वाचत नाही.

बोलीचंही इथेच सांगून टाकतो. माणसांना त्यांच्या गावचं बोलू द्या. “काय लिहायलीस एवढं?” असं आत्याने विचारलं की वाचक लातुरात पोचतो, “तू हे काय लिहीत आहेस?” म्हटलं की दूरदर्शनवर.

पायरी ७ : गुपित कुणाला कधी कळावं

नायिका खबरी आहे हे वाचकाला पहिल्या दहा पानांत सांगा. शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवायचा मोह होतो, पण त्या एका धक्क्यापायी आधीचा प्रत्येक प्रसंग पोकळ होतो. मुलाला मात्र उशिरा कळावं, आणि कुणाच्या तोंडून नव्हे, कागदावरून. ‘तोही तिच्यावर पाळत ठेवत होता’ ही कलाटणी आता इतकी वापरून झाली आहे की वाचक ती आधीच धरून चालतो. खबऱ्यांवर खबरे नेमले जात, हे इतिहासात खरं आहे, तरीही शक्यतो टाळा. दोघंही सारखेच दोषी झाले की क्षमा फार स्वस्त होते. सिद्धूला कळल्यावर मी त्याला सव्वीस पानं गिरणीत येऊ दिलेलं नाही. ज्वारी दळायला त्याची धाकटी बहीण येते, आणि मुक्ता तिची नोंद करते.

पायरी ८ : शेवट

सरकार उलथवू नका. दोन पोरांनी मिळून राज्य पाडलं, यावर बारावीतल्या भाचीचाही विश्वास बसत नाही. जर्मनीतही लोक फायली वाचवायला श्टाझीच्या कार्यालयांत शिरले, एर्फुर्टला ४ डिसेंबर १९८९ ला आणि बर्लिनच्या मुख्यालयात १५ जानेवारी १९९० ला, तोवर आतली माणसं हातांनी कागद फाडत बसली होती. फाडलेल्या कपट्यांची हजारो पोती सापडली, आणि ते कपटे जुळवण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. कादंबरीचा शेवट तिथे आहे, त्या पोत्यांत. मोर्चे आणि भाषणं बाहेर चालू द्या.

माझ्याकडे सिद्धू आपली फाईल मिळवतो. पानांवर क्रमांक आहेत आणि सत्तेचाळिसावं पान नाही. ‘तो हसला’ असलेलं तेच पान. आत्याने गाळलं, हे मुक्ताला तेव्हा कळतं. आत्या आता नाही, विचारायची सोय नाही. पान घरात कुठेतरी असणार. पहिल्या मसुद्यात मी ते गव्हाच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं. भाचीच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, ते हाणून पाडलं : गव्हाला दरवर्षी ऊन दाखवतात, डबा पालथा होतो, पान पहिल्याच उन्हाळ्यात सापडलं असतं. मग देव्हाऱ्याच्या लाल कापडाखाली ठेवलं. ते कापड दिवाळीत धुतात. सध्या पान रिकाम्या घागरीत आहे, आणि आत्याच्या घरात घागर रिकामी कशी राहिली यावर मी अडलोय.